खिळ्यावरचं कडं

पौषात बायको गेली, तेव्हापासून माझ्या साइड ड्रमचं वरचं कडं खिळ्याला टांगलेलं होतं. खिळा उमरग्यात, मुलाच्या वरच्या खोलीत. खाली हायवे, दाराला बाहेरून कुलूप. कडं भिंतीवर आणि मी खाटेवर. दिवसभर एकमेकांकडं बघत बसायचो. ते काढून ठेवणारा मीच होतो, पण परत चढवायचा हक्क मला नव्हता. तो का नव्हता हे आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं म्हाताऱ्याचा हट्ट वाटेल. हट्ट आहेच, पण त्याला कारण आहे.

मी जन्मभर बँड पार्टीत साइड वाजवला. साइड म्हणजे गळ्यात अडकवायचा चपटा ड्रम. वर एक पान, खाली एक पान, खालच्या पानाला तारा. पानाला दाबून धरतं ते कडं, वर एक, खाली एक. कड्याला आकडे लावायचे आणि चावीनं आवळायचे, की पान ताठ होतं. वरचं कडं काढलं की साइड मुका. नुसता डबा.

आमच्या पार्टीत एक रीत होती. वाजवणाऱ्याच्या घरात मयत झालं की त्यानं आपल्या वाद्याचा आवाज काढून ठेवायचा. क्लॅरिनेटवाला तोंडातली पत्ती काढायचा. आम्ही ड्रमवाले वरचं कडं काढून खिळ्याला लावायचो. काढायचं आपल्या हातानं, पण चढवायचं दुसऱ्या घरच्या माणसानं. तेरावं झालं की पार्टीतला कुणीतरी यायचा, चहा प्यायचा, कडं चढवायचा आणि पहिली काडी तोच मारायचा. मग आपण वाजवायला मोकळे. आपलं दुःख आपणच आवरून ठेवायचं नाही, कुणीतरी दार ठोठावून आत यायला पाहिजे, असं आमचे जुने लोक म्हणायचे. मी कितीतरी घरी गेलो असेन. ईट गावी आमच्या ढोलवाल्याची आई गेली तेव्हा भूमपर्यंत एसटीनं आणि पुढं दुधाच्या गाडीत बसून गेलो, त्याच्या ढोलाचं कडं चढवलं आणि जेवून परत आलो.

माझ्या वेळेला यायला कुणी उरलं नव्हतं. डीजे आला आणि पार्टी मोडली. पार्टीचे मास्तर वारले, क्लॅरिनेटवाला पुण्याला वॉचमन झाला आणि तिकडंच वारला. उरला तो ईटचा ढोलवाला.

आता कड्याचं सांगतो, कारण हे कडं साधं नव्हतं.

लोक म्हणतात, ड्रमचा आवाज पानाचा. अर्धाच. उरलेला अर्धा कड्याचा. पार्टी नसायची तेव्हा मी सास्तूरच्या घरात ड्रम दुरुस्त करायचो. भूकंपानंतर बांधून मिळालेलं ते घर, दोन खोल्या, मधली भिंत पातळ. बाहेरच्या खोलीत मी, आतल्या खोलीत चुलीजवळ बायको. उमरगा, लोहारा, पार औराद-निलंग्यापासून बँडवाले ड्रम घेऊन यायचे. कडं बदलून दिलं की मी दोन काड्या मारून बघायचो, आणि आतून ती सांगायची कडं कशाचं आहे.

"हे लोखंड. अन् एका अंगाला बसलंय."

"तुला काय दिसलं तिकडनं?"

"दिसाया कशाला पायजे. माज्या हातातनं ताट पडलं की आसंच वाजतंय."

बरोबर असायचं. लोखंडी पत्र्याच्या दुमडलेल्या कड्याचा आवाज मोठा, उघडा, मागं रेंगाळणारा. काडी कडेला लागली की कानात शिरते. वरातीत जनरेटरच्या घरघरीत तेच कामाचं. पण पत्राच तो, आवळून आवळून एका बाजूला झुकतो आणि पान एकीकडं ताठ, एकीकडं ढिलं होतं. पितळेचं कडं लावलं की आवाज तोच, पण त्याची धार घासून काढल्यासारखी. ॲल्युमिनियम पोरांना आवडायचं, गळ्याला वजन होत नाही म्हणून. आवाज पण तसाच हलका, काडी उचलायच्या आत उडून जाणारा. "रिकामा डबा" असं ती म्हणायची आणि बोलणं तिथंच संपवायची. शाळेच्या परेडवाल्यांना ओतीव कडं लागायचं. जाड, जड, वाकायचं नाव नाही. चारी बाजूनं सारखं आवळतं, आवाज मापात निघतो आणि जागच्या जागी मरतो. त्याला ती म्हणायची, "ह्यो मास्तर दिसतोय. बोलला अन् गप बसला."

एकदा मी तिची परीक्षा घ्यायची म्हणून पितळेच्या कड्याला फडकं गुंडाळलं आणि वाजवलं. आतला भाकरी थापायचा आवाज थांबला.

"पितळ हाय. पर तुमी त्याला कापडं नेसवल्यात. मला काय खुळी समजता का?"

लाकडाचं कडं मात्र आमच्याकडं कुणी लावत नव्हतं. माझ्या उस्तादाकडं एक होतं, जुनं, निजामाच्या वेळचं म्हणायचे. मी पोरगा असताना ते ऐकलं होतं. लाकूड पानाला धरतं, पण त्याचा गळा दाबत नाही. आवाज खाली जातो, जवळ येतो. कडेवर काडी मारली तर धातूसारखं टिंग होत नाही, टक होतं. तो आवाज माझ्या डोक्यात राहिला होता. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, करा की मग, डोक्यात ठेवून काय लोणचं घालायचंय.

बांधावरची एक जुनी तुती पडली होती. तुती लवते, मोडत नाही. सुतारानं पट्ट्या फाडून दिल्या. पत्र्याच्या पन्हाळीत पट्टी ठेवायची, वर गोणपाट टाकायचं आणि चुलीवरचं उकळतं पाणी ती ओतत राहायची. पट्टी मऊ झाली की वळवायची कशावर, हा प्रश्न होता. ती उठली, कोपऱ्यातली जात्याची वरची तळी लोळवत आणली आणि म्हणाली, "हिच्यावर वळवा. हिच्याएवढं गोल माज्याकडं दुसरं काय न्हाय." तळी ड्रमपेक्षा थोडी लहान होती. तिनं तिला सुतळीचे वेढे दिले आणि माप बसवलं. मग ती एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, हातात ओली फडकी, आणि ओढायचं. पहिली पट्टी मोडली. दुसरी पण मोडली. तेव्हा ती म्हणाली, "तुमी वढताय जास्ती. वरातीत असल्यावानी. जरा हळू." तिसरी हळू ओढली. ती वळून आली. सांधा डिंकानं चिकटवून तिनं वरून सुताचा दोरा गच्च गुंडाळला.

ते कडं चढवून मी वाजवलं. आतून काहीच आवाज नाही. मी परत वाजवलं.

"आगं काय झालं, झोपलीस का?"

"न्हाय. वळखीचं कुनीतरी दारावर आल्यासारखं वाटलं. उठत हुते."

पुढं बायकोचं तेच चालू राहिलं. मी लाकडाचं कडं वाजवलं की म्हणायची, कोण आलंय बघा. पंचवीस-तीस वर्षांत त्या घरात ते एवढंच आमचं लाडाचं बोलणं असेल.

पौषात तिला धाप लागली. लोहाऱ्याला नेलं. तिथून सोलापूरला नेताना वाटेतच गेली. घरी आणली तेव्हा मी आधी आत जाऊन साइडचे आकडे सोडले, कडं काढलं आणि खिळ्याला लावलं. मग रडलो.

तेरावं झालं तसं मुलगा म्हणाला, चला उमरग्याला. मी साइडशिवाय जीपमध्ये बसत नाही म्हटल्यावर त्यानं साइड घेतला, कडं घेतलं, आणि मी म्हटलं म्हणून भिंतीतला खिळापण पक्कडीनं उपटून घेतला. जातं घेतलं नाही. जीपमध्ये जागा नव्हती.

मुलगा हायवेवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला आहे. सून एका दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते. सकाळी दोघं बाहेर पडतात ते दिवे लागायच्या वेळेला येतात. जिना चढून आलं की जाळीचं लोखंडी दार, त्याच्या आत दीड खोली, पत्र्याचं छत. माझा उजवा गुडघा गेलेला. सुरुवातीला कुलूप नव्हतं. पण एक दिवस मी जिना उतरलो, बसत बसत, आणि हायवेवर जाऊन सास्तूरची गाडी दिसते का म्हणून उभा राहिलो. कुठं जाणार होतो? घरी. जातं बघायला. रस्ता ओलांडताना ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला आणि मला आईवरनं शिवी दिली. मी पण दिली. चहावाल्यानं मला ओळखलं आणि मुलाला फोन केला.

त्या दिवसापासून कुलूप.

मुलगा वाईट नाही. जाताना खालच्या टायरवाल्याकडं दुसरी चावी ठेवतो, काही झालं तर फोन करा म्हणतो, भाकरी-भाजी झाकून ठेवतो. पण कुलूप ते कुलूप. खटका बसला की माझा दिवस सुरू. मग मी काय करायचो, तर वाजवायचो. साइड मुका, तर बाकीचं वाजवायचो. काडीनं जाळीच्या दारावर मारलं की लोखंड, लांब, रेंगाळणारं, जिन्यातून खालपर्यंत जाणारं. सरकत्या खिडकीची चौकट ॲल्युमिनियमची, रिकामा डबा. खाटेच्या पायाला मारलं तर आवाज आतल्या आत. पितळेचा एक तांब्या होता, त्यावर मारायचो आणि आतल्या भिंतीकडं बघायचो. आत कुणी नव्हतं सांगायला.

टायरवाला वर आला. जाळीच्या बाहेरून म्हणाला, "काका, गिऱ्हाईक इचारतंय वर काय चाललंय."

"वर म्हातारा कोंडलाय म्हणून सांग."

तो हसला. मी हसलो नाही.

त्या खोलीत एकच गोष्ट बिघडत चालली होती आणि ती मला दिसत होती. लाकडाचं कडं ड्रमवर ताणून बसलेलं असलं तरच गोल राहतं. मोकळं टांगलं की त्याला आपलं झाडपण आठवतं, ते सरळ व्हायला बघतं. सास्तूरच्या घरात गारवा होता, इथं पत्रा. चैत्र लागला तसा सुताचा दोरा ढिला पडला. वैशाखात सांध्याला फट दिसायला लागली, आधी केसाएवढी, मग नखाएवढी. रीत मोडली तर तिचा अपमान, आणि रीत पाळली तर तिच्या हातचं कडं उघडणार. मी सकाळ-संध्याकाळ ओलं फडकं करून त्याला पुसायचो. दुसरं काही करता येत नव्हतं. चढवायला माणूस पाहिजे होता आणि माणूस ईटला होता.

ढोलवाल्याला फोन लावायचो.

"येतो की रं गड्या. येत न्हाय व्हय? डोळ्याचं आपरेशन झालंय, धुळीत जाऊ नगं म्हणत्यात."

"धूळ काय बसमधी हाय का? काच लावून बस."

"तूच ये की इकडं. साइड घिऊन ये. मी चढवतो बसल्या जागंला."

"मला कुलूप लावलंय."

"काय चोरलंस?"

"सास्तूरची गाडी धरायला गेलतो."

माझ्या बायकोला तो आक्का म्हणायचा. म्हणाला, "आक्का हुत्या तवर तू कुठं जात नव्हतास लेका. वरातीतनं पळत घरी जायचास." मग परत म्हणाला, येतो, या आठवड्यात येतोच. असं तो प्रत्येक फोनला म्हणायचा, आणि मी प्रत्येक वेळेला जाळीजवळ खुर्ची ओढून बसायचो.

मुलाला ते बघवेना. एक दिवस म्हणाला, "आबा, मी चढवतो. आत्ता. पाच मिन्टाचं काम."

"तू ह्याच घरचा. तुजी आई गेलीय. तुला न्हाय चालत."

"कोण बघतंय?"

"मी बघतोय."

तो जेवून उठला. दुसऱ्या दिवशी सोलापूरहून माल आणायला गेला होता, तिथून चकचकीत नवं लोखंडी कडं घेऊन आला. कागदात गुंडाळलेलं. माझ्यापुढं धरलं.

"हे बगा. गंजत न्हाय, उघडत न्हाय. उनात ठिवा न्हायतर पाण्यात. हे नवं हाय, ह्याला रीत-बीत काय लागू न्हाय. चढवा तुमचं तुमी."

मी नख मारून बघितलं. चांगलं होतं. त्याला पारख होती, जाड पत्रा निवडला होता. पण मी म्हटलं, "मला ताट वाजवायचं न्हाय. ठिव तिकडं."

त्यानं ते खाटेखाली सरकवलं. जरा जोरातच. म्हणाला, "तुमाला काय पायजे तेच कळंना मला." आणि तोंड धुवायला गेला. नळ बराच वेळ चालू होता.

आता सुनेचं. ती किल्लारीकडची. बोलायला फटकळ, माझ्यासारखीच, म्हणून आमचं जमत नाही. लग्न होऊन दहा-बारा वर्षं झाली, पण मी तिला दुसऱ्या घरचीच म्हणत आलो. भाजीत शेंगदाण्याचा कूट कमी पडला की म्हणायचं, दुसऱ्या घरची हाय, तिला काय कळणार आमची चव. हिनं गोधडी उन्हात उलटी वाळत घातली की दुसऱ्या घरची. माझी बायको असायची तेव्हा मला गप्प करायची. आता कुणी गप्प करणारं नव्हतं.

ज्येष्ठ लागायच्या सुमाराला ढोलवाल्याचा फोन आला. त्यानं स्वतःहून केला तेव्हाच मला कळलं.

"गड्या, माज्यानं व्हत न्हाय. लेक म्हणती, आंदळं व्हायचं असलं तर जा. दुसऱ्या कुनाला तरी सांग."

"दुसरं कोण हाय?"

"ते बी खरंच," तो म्हणाला.

फोन ठेवून मी कड्याकडं बघितलं. फटीत आता काडीचं टोक जात होतं.

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. कुलूप निघालं. सून होती. डॉक्टर बाहेरगावी गेले म्हणून दवाखाना अर्ध्या दिवसात बंद झाला होता. घामानं भिजली होती. आल्या आल्या तिनं चहा टाकला आणि माझ्यापुढं आणून ठेवला. मी एक घोट घेतला.

"साकर न्हाय ह्यात."

"तुमची शुगर वाढलीय, मामा. मुद्दाम न्हाय टाकली."

"आमच्या घरात बिनसाकरीचा चहा कुनी पीत न्हाय. दुसऱ्या घरचीला काय सांगायचं."

ती पदरानं मान पुसत होती. थांबली. मग खिळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"ईटचं मामा येनार न्हाईत नव्हं? जिन्यात ऐकलं मी तुमचं बोलणं."

"न्हाय."

"मग मी चढवते."

"तुला कसं चालंल?"

"दुसऱ्या घरचं माणूस लागतंय ना? मी दुसऱ्या घरची. तुमीच म्हणताय, आत्तासुदीक म्हणला."

"तसं नसतंय ते. लगीन झालं की बाई ह्या घरची व्हती."

"आसं व्हय." ती खाली बसली, मांडी घालून, कोर्टात बसल्यासारखी. "मग ठरवा मामा. ह्या घरची असंल तर आजपासनं मला दुसऱ्या घरची म्हणायचं न्हाय, भाजीत कूट असू दे न्हायतर नसू दे. अन् दुसऱ्या घरची असंल तर द्या साइडची चावी इकडं. दोन्हीतलं येक. दोन्ही मिळायचं न्हाय."

हायवेवरून एक लांबलचक ट्रेलर गेला, खिडकीची ॲल्युमिनियमची चौकट थरथरली. दाराला कुलूप नव्हतं आणि तरी मला कुठं जाता येत नव्हतं. माझ्याच तोंडानं मला असा कोपऱ्यात घेतला होता. बायको असती तर आतून हसली असती.

मी उशाखालून चावी काढली आणि तिच्यापुढं ठेवली.

"हात धुऊन ये," म्हटलं.

मला कड्याला हात लावायचा नव्हता, म्हणून मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो आणि तोंडानं सांगत राहिलो. तिनं पातेल्यात पाणी उकळलं. टॉवेल त्यात बुडवून, चटका बसत असताना पिळून कड्याभोवती गुंडाळला. परत बुडवला, परत गुंडाळला. लाकूड जरा मऊ झालं. ते गोल दाबून धरायचं कशानं? जातं सास्तूरला. तिनं आपल्या पिशवीतून दवाखान्यातलं ताणाचं बँडेज काढलं, पाय मुरगळला की बांधतात ते. पान साइडवर ठेवलं, त्यावर कडं, आणि बँडेजचे वेढे ओढून ओढून कडं मापावर आणलं. फट मिटली. पूर्ण नाही, पण मिटली. डिंक नव्हता, फेविकॉल लावला. थोडं वाळल्यावर बँडेज सोडून वरून तिनं तो सुताचा दोरा परत गुंडाळला, तोच.

"आता आकडे लाव. अन् समोरासमोर आवळ. ह्यो आवळला की त्याच्या समोरचा."

पहिले दोन तिनं तसे आवळले. मग खाली टायरवाल्याचं मशीन सुरू झालं, माझा आवाज तिला आला नाही, आणि ती चक्रीनं आवळत गेली, एकामागं एक, पेशंटचे नंबर लावल्यासारखी. कडं एका बाजूला उतरलं. मी ओरडेपर्यंत आतून एक बारीक चिरका आवाज आला. सांध्याच्या अलीकडं, एका आकड्याखाली, लाकडाला तडा गेला. नखाएवढा.

तिचा हात तिथंच राहिला. चेहरा उतरला. "मोडलं का, मामा?"

मी मांडीखालून हात काढले नाहीत. काढले असते तर काय केलं असतं ते मला माहीत नाही. तडा सरळ होता, आरपार नव्हता.

"सोड. सगळं ढिलं कर. परत समोरासमोर लाव. हळू. वरातीत न्हाईस तू."

हे बोलल्यावर मला कळलं की हे कुणाचं बोलणं होतं.

तिनं परत सुरुवात केली. या वेळेला मशीन थांबेपर्यंत थांबायची, मग पुढचा आकडा. ऊन पत्र्यावरून उतरायला लागलं तेव्हा पान ताठ झालं. मी म्हटलं, पहिली काडी तुझी. तिनं काडी चमच्यासारखी धरली आणि मध्यावर मारली.

आवाज खाली गेला. जवळ आला. आणि त्याच्या शेपटाला एक कुरकुर होती, तड्याची.

मी काडी घेतली. पौषानंतर पहिल्यांदा. कडेवर मारली. टक. मग बोटं आपोआप चालायला लागली, हळू, साधा चालीचा ठेका. सून चहाचं भांडं घेऊन मोरीकडं गेली. तिकडून तिचा आवाज आला.

"चांगलंय मामा. पर शेवटाला काईतरी कुरकुरतंय."

माझा हात थांबला. भिंतीपलीकडून कुणीतरी कड्याचं सांगितलं होतं. मी काडी परत उचलली.

मुलगा आला तेव्हा साइड माझ्या मांडीवर होता. त्यानं खिळ्याकडं बघितलं, मग बायकोकडं. तिनं मान हलवली. तो पायातले बूट न काढता उंबऱ्यातच बसला.

मी म्हटलं, "खाटंखालचं तुजं कडं काढ."

"कशाला? तुमाला ताट वाजवायचं न्हाय ना?"

"खालच्या बाजूचं कडं गंजलंय. रीत वरच्या कड्याची हाय, खालच्याची न्हाय. खालचं तू बसव."

वर लाकूड आणि खाली लोखंड, असं मी पूर्वी कधी लावलं नव्हतं. मुलानं पान्याला हात घालायची सवय असलेल्या माणसासारखं ते झटक्यात बसवलं. पार्ट बसवणाराच तो. वाजवून बघितलं. वरचा ठोका मऊ राहिला, पण खालच्या तारा एकदम स्वच्छ बोलायला लागल्या, तांदूळ सुपात पडल्यासारख्या. कुरकुर त्यात थोडी दबली. मुलगा म्हणाला, "जमलं की." मी म्हटलं, "पत्रा बरा हाय." आमच्यात एवढं बोलणं म्हणजे खूप.

सकाळी दोघं निघाली. मुलगा जाळीबाहेर कुलूप हातात घेऊन उभा राहिला. त्याला लावायचं नव्हतं, मला दिसत होतं.

"आबा, फकस्त म्हणा, खाली उतरणार न्हाय. मी कुलूप लावत न्हाय."

म्हणायला काय जात होतं? पण मी खोटं बोलून कधी सुटलो नाही.

"उतरणार. सास्तूरची गाडी दिसली की उतरणार. जातं तिकडं हाय."

त्यानं कुलूप एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "दिवाळीला जाऊ. जीप घिऊन. जातं आणू."

"तवर?"

त्यानं कडी सरकवली. कुलूप लावलं. खटका बसला. मी साइड घेतला आणि जाळीजवळच्या खुर्चीत बसून वाजवायला लागलो. चपला जिना उतरत गेल्या. अर्ध्यावर एक जोडी थांबली.

"मामा," खालून सून म्हणाली, "अजून कुरकुरतंय."

"ऐकू येतंय मला," मी म्हटलं, आणि वाजवत राहिलो.